दिवा कोठें ठेवावा?

गेल्या दिवाळींत, पाडव्याच्या संध्याकाळीं, आमच्या यवतमाळच्या घरीं एक लहानसा वाद झाला. चिरंजीव पुण्याहून येतांना भिंतीवर चित्रपट दाखविण्याचें एक यंत्र घेऊन आले होते. प्रोजेक्टर या नांवानेंच तें आतां घरोघर ओळखलें जातें. आकारानें पानसुपारीच्या मोठ्या डब्याएवढें, वजनानें तीन किलोच्या आंतबाहेर. बैठकीची एक पांढरी भिंत तयारच होती. प्रश्न एवढाच उरला कीं, यंत्र ठेवावयाचें कोठें? चिरंजीव म्हणाले, मधल्या तिवईवर. सूनबाई म्हणाल्या, तेथें मुलें धडकतील, कपाटावर ठेवा. नातू म्हणाला, छताला टांगा. अखेर तिवईवरच ठेवून, यंत्राचें तोंड वर व्हावें म्हणून त्याखालीं दोन जाड पुस्तकें सारून, दिवा लावला. आणि भिंतीवर जें चित्र उमटलें तें वर रुंद व खालीं अरुंद. माझी आई, वय वर्षें सत्त्याऐंशी, दाराजवळच्या खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अरे, हें तर सूप झालें!"

आम्ही सारे हंसलों. परंतु विचार करतां माझ्या लक्षांत आलें कीं, आमच्या बैठकींत पडलेला हा प्रश्न नवा नव्हे. पडद्यावर चित्र पाडण्याची विद्या जेव्हांपासून निघाली, तेव्हांपासून दिवा कोठें ठेवावा हा प्रश्न तिच्या पाठीशीं लागलेला आहे, आणि प्रत्येक काळानें त्याचें उत्तर आपापल्या समजुतीप्रमाणें दिलेलें आहे. वरवर पाहतां हा निव्वळ भूमितीचा प्रश्न. परंतु दिव्याची जागा ठरली कीं पडद्याची ठरते, आणि पडद्याची ठरली कीं माणसांची ठरते. कोणीं समोर बसावें, कोणीं कडेला, आणि कोणाला कांहींच धड दिसूं नये, हेंहि त्यांतच ठरून जातें. म्हणून दिव्याच्या जागेचा इतिहास हा कांहीं अंशीं पाहणाऱ्यांचाहि इतिहास आहे. तोच आज आपणांस थोडक्यांत सांगावा, असा माझा विचार आहे.

या विद्येचा मूळपुरुष म्हणून हॉलंडमधील शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याचें नांव घेतात. १६५९ च्या सुमारास त्यानें दिवा, भिंग व काचेवर काढलेलें चित्र यांची सांगड घालून जादूचा कंदील तयार केला. रचना अगदीं साधी. पेटींत दिवा, दिव्यासमोर चित्राची काच, आणि काचेपुढें भिंग. भिंगांतून जातांना किरण एकमेकांस छेदून जातात, त्यामुळें भिंतीवर चित्र उलटें पडतें. तें सुलटें दिसावें म्हणून काचच खांचेंत उलटी घालावी लागते.

या साध्या पेटीबरोबर दोन नियम आले, आणि ते आजतागायत बदललेले नाहींत. पहिला असा: कंदील भिंतीपासून दुप्पट अंतरावर नेला कीं चित्राची रुंदी दुप्पट होते आणि उंचीहि दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होतें. दिवा मात्र तोच असतो. तेव्हां तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरून प्रत्येक भागाच्या वांट्याला पूर्वीच्या पावपट येतो. मोठें चित्र हवें, तर दिवा तरी मोठा हवा, नाहींतर खोलींतील अंधार तरी गडद हवा. दुसरा नियम असा: भिंगाचा रोख भिंतीशीं काटकोनांत नसेल, तर चित्राची जी कड भिंगापासून दूर पडते ती अधिक रुंद होते. कंदील खालीं ठेवून वर रोखला, कीं वरची कड दूर जाते आणि आमच्या आईचें सूप तयार होतें. उंचावरून खालीं रोखला, कीं रुंद कड खालीं येते. डावीकडून रोखला तर उजवी बाजू फुगते. या दोन नियमांच्या कात्रींत कंदीलवाला सांपडलेला असतो. उजेडासाठीं तो पुढें सरकूं पाहतो, चित्र मोठें करण्यासाठीं मागें. आणि काटकोनासाठीं त्याला नेमकें तेथेंच उभें राहावें लागतें, जेथें प्रेक्षकांपैकीं कोणाचें तरी डोकें असतें.

आपल्या महाराष्ट्रांत या कंदिलाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं. १८९२ च्या सुमारास त्यांनीं आपल्या मुलांच्या साहाय्यानें 'शांबरिक खरोलिका' या नांवानें खेळ सुरू केले. शंबरासुर हा पुराणांतील मायावी दैत्य. त्यावरून शांबरी म्हणजे माया. काचांवर बारीक कुंचल्यानें रामायण-महाभारतांतील प्रसंग रंगविलेले असत. एकाहून अधिक कंदील वापरून एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर अशा हातोटीनें जावयाचें कीं, माणसें हालतात असा भास व्हावा. जोडीला निवेदन आणि संगीत असे. आतां विचार करा, दोन कंदिलांचीं चित्रें एकाच चौकटींत बरोबर एकमेकांवर पडावयाचीं, तर ते कंदील किती काटेकोरपणें मांडावे लागत असतील! एक कंदील बोटभर सरकला, तर पडद्यावर रामाचा हात धनुष्यापासून सुटावयाचा. ज्याला आपण माया म्हणून टाळ्या देत होतों, तिच्या मुळाशीं घोडीवर ठेवलेला, न हालणारा कंदील होता.

त्यानंतर चारच वर्षांनीं चित्रें खरोखरीच हालूं लागलीं. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंतील वॉटसन हॉटेलांत फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यांचा प्रतिनिधि मारिउस सेस्तिए हा तीं चित्रें घेऊन आला होता. प्रवेशाचा दर एक रुपया होता. आठवड्याभरानें हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत सुरू झाले, आणि तेथें लवकरच जागांची वांटणी झाली. चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठरले, आणि पडदानशीन स्त्रिया व त्यांचीं कुटुंबें यांच्याकरितां स्वतंत्र बॉक्स राखून ठेवण्यांत आले.

येथें एक गमतीची गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आपल्या नाटकगृहांत पुढची जागा मानाची. नटाच्या जितके जवळ, तितका दर अधिक. सिनेमानें हा क्रम पुढें पार उलटा केला. पडद्यालगतच्या बांकांवर बसून, मान वर करून, ताणलेलें चित्र पाहणाऱ्याचें तिकीट सर्वांत स्वस्त. आणि मागें, दिव्याजवळ, चित्रासमोर सरळ रेषेंत बसणाऱ्याचें सर्वांत महाग. नाटकांत पैसेवाला नटाजवळ बसे, सिनेमांत तो दिव्याजवळ जाऊन बसला. दिव्याच्या जागेनें समाजाच्या रांगा फिरविल्या त्या अशा.

पण दिव्याच्या जवळ बसण्यांत एक भयहि होतें. त्या काळची फिल्म सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रेटची असे आणि ठिणगी पडतांच भडकून उठे. दिवाहि धोक्याचाच. ४ मे १८९७ रोजीं पॅरिसमध्यें एका धर्मादाय बाजारांत चलच्चित्रांचा खेळ चालू असतां, यंत्राच्या दिव्यांतील ईथरनें पेट घेतला आणि सव्वाशेंच्या वर माणसें जळून मेलीं. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या व अशा अनेक अपघातांनंतर निरनिराळ्या देशांनीं नियम केले. हिंदुस्थानांत १९१८ सालीं सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि खेळाच्या जागेला परवाना व प्रेक्षकांची सुरक्षितता या गोष्टी आवश्यक ठरल्या. यंत्र प्रेक्षकांमधून उठलें आणि मागच्या बाजूस, उंचावर, न पेटणाऱ्या भिंतींच्या खोलींत जाऊन बसलें. त्या खोलीला लहान झरोके, आणि झरोक्यांना आग लागतांच पडणारीं झांकणें.

सुरक्षितता आली, पण भूमितीचें भांडण उरलेंच. उंचावरच्या खोलींतून भिंग खालीं रोखावें लागे, आणि चित्राची खालची कड रुंद होई. यावर ऑपरेटर मंडळींनीं एक युक्ति काढली. फिल्मच्या मागेंपुढें जी धातूची चौकट असते, तिचीं भोंकें ते कानशीनें अशा बेतानें तिरपीं घाशीत कीं, पडद्यावरची कड सरळ दिसावी. आपण खुर्चींत बसून नायक-नायिकांची नांवें पाठ करीत होतों. पण ती चौकट सरळ दिसावी म्हणून कोणी तरी कानशीनें तासन् तास धातु घाशीत होता, हें आपणांपैकीं किती जणांना ठाऊक असेल? दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हा.

हें झालें मोठ्या खेळांचें. पण आपला आजचा प्रश्न घरांतल्या यंत्राचा आहे. आणि मराठी घरांतल्या चित्रपटाची गोष्ट सांगावयाची तर दादासाहेब फाळके यांच्यापासूनच सांगितली पाहिजे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून दादासाहेबांच्या मनानें ध्यास घेतला कीं, आपल्या देवादिकांचीं चित्रें अशींच पडद्यावर आणावीं. त्यांनीं परदेशांतून सूचीपत्रें व पुस्तकें मागविलीं, एक लहानसें यंत्र व कांहीं रिळें मिळविलीं, आणि रात्रीं घरांतल्या भिंतीवर प्रयोग सुरू केले. दिवा कसला, तर मेणबत्तीचा! मेणबत्तीचा उजेड भिंगांतून नेऊन भिंतीवर पडणारीं तीं अंधुक चित्रें ते रोज चार-चार, पांच-पांच तास पाहत. झोंप नाहीं, विश्रांति नाहीं. याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि दृष्टि जाण्याची वेळ आली. सुदैवानें उपचारांनीं ती परत मिळाली. नंतर १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

श्रोतेहो, मघाशीं सांगितलेला पहिला नियम येथें आठवा. मेणबत्तीसारखा क्षीण दिवा असतां चित्र लहान ठेवल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि लहान व अंधुक चित्र डोळे ताणूनच पाहावें लागतें. आज आपण दुकानांतून आणलेल्या यंत्राचें तोंड भिंतीकडे करून कळ दाबतों. पण मराठी माणसानें घरांतल्या भिंतीवर चित्रपट पाहिला तो पहिल्या काळांत डोळ्यांचें मोल देऊन पाहिला, एवढें विसरूं नये.

पुढें घरगुती यंत्रेंहि निघालीं. फ्रान्सच्या पाथे कंपनीनें १९२२ सालीं साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचें यंत्र काढलें. अमेरिकेच्या कोडॅकनें १९२३ सालीं सोळा मिलिमीटरचें, आणि १९३२ सालीं आठ मिलिमीटरचें. या फिल्म नायट्रेटच्या नव्हत्या. त्या सहजासहजीं पेट घेत नसत, म्हणूनच त्या घरांत आणणें शक्य झालें. पण हीं यंत्रें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांपलीकडे फारशीं गेलीं नाहींत. आमच्या वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांत चित्रपट आला तो दिवाणखान्यांतून नव्हे, तर तंबूंतून.

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा आणि सागवानाचा. कापूस घरीं येऊन चार पैसे हातांत खेळूं लागले, कीं यात्रांचे दिवस येत. वणीची रंगनाथस्वामींची यात्रा, घाटंजीची मारोती महाराजांची यात्रा, हीं नांवें आमच्या बाजूला लहानथोरांच्या तोंडीं आहेत. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६५ ते १९७० च्या दरम्यान, आसपासच्या यात्रांतून फिरते सिनेमे येत. यंत्र बहुधा ट्रकवरच बसविलेलें असे. ट्रक तंबूच्या एका टोकाशीं उलटा लावावयाचा, म्हणजे यंत्र आपोआप माणसांच्या डोक्यांवर येई. ट्रकचीं चाकें दगडांनीं अडकवावयाचीं. आणि वीज निर्माण करणारें इंजिन दूर, कनातीबाहेर, कारण त्याचा हादरा यंत्राला लागला तर पडद्यावरचें चित्र थरथरतें. मोठ्या शहरांतील थिएटरांत दोन यंत्रें असत. एकांतील रीळ संपतांच दुसरें चालू होई. तंबूंत एकच यंत्र, म्हणून रीळ बदलेपर्यंत अंधार, आणि त्या अंधारांत शेंगदाणेवाल्याची आरोळी.

अशाच एका तंबूंत मीं पहिला चित्रपट पाहिला, तो पडद्याच्या मागून. तेव्हां पद्धत अशी होती कीं, तंबूच्या मध्यावर पडदा बांधीत. दिव्याच्या बाजूस पुरुष बसत, आणि पलीकडे बायका व लहान मुलें. कापड पातळ असल्यामुळें चित्र पलीकडेहि उमटे, परंतु थोडें फिकें, आणि उजव्याचें डावें झालेलें. आईच्या मांडीवर बसून मीं जे वीर पुरुष पाहिले, ते सगळे डाव्या हातानें तलवार चालवीत. शूर माणसें डावखुरींच असतात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती! आठ वर्षांचा झाल्यावर वडिलांनीं मला आपल्या बाजूस नेलें, आणि तोच चित्रपट पाहतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, तलवार उजव्या हातांत आहे आणि आरंभीं येणारीं अक्षरें वाचतां येतात.

मी पडद्याच्या अलीकडे आलों. आई पलीकडेच राहिली. ती चौथी इयत्ता शिकलेली. पोथी वाची, पत्र वाची. परंतु तंबूंतल्या पडद्यावरचीं अक्षरें तिनें कधीं सरळ वाचलीं नाहींत. कोणीं तिला मुद्दाम दुखविलें असें नव्हे. दिवा एका बाजूस ठेवला गेला होता, आणि त्या बाजूस जागा कोणाची हें आधींच ठरलेलें होतें, इतकेंच.

तंबूंतला तो जमाना आतां बहुतेक सरला. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया या दोघांनीं महाराष्ट्रांतील फिरत्या सिनेमांबरोबर हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट काढला. २०१६ सालीं कानच्या महोत्सवांत त्याचा विशेष गौरव झाला. फिल्मचीं जुनीं यंत्रें जाऊन संगणकावर चालणारीं नवीं यंत्रें ट्रकवर कशीं चढलीं, हें त्यांत पाहावयास मिळतें.

दिवा ठेवण्याची खरी विद्या मला शिकविली ती मात्र शाळेच्या आवारांत. आमच्याच जिल्ह्यांतील पुसदचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दींत संकरित ज्वारीचा मोठा प्रचार झाला. त्या दिवसांत सरकारी प्रसिद्धीची गाडी गांवोगांव येई आणि शाळेच्या चुना लावलेल्या भिंतीवर शेतीचे व आरोग्याचे माहितीपट दाखवी. यंत्र सोळा मिलिमीटरचें. त्याबरोबरचा ऑपरेटर हा मितभाषी मनुष्य होता. आम्हां वरच्या वर्गांतील मुलांना तो कामाला लावी. टेबलावर टेबल चढवून यंत्र पडद्याच्या निम्म्या उंचीवर आणावयाचें. पायाखालीं विटेचा तुकडा सारून तें समतल करावयाचें. मग काठीनें चित्राची वरची व खालची कड मोजावयाची, नंतर डावी व उजवी. चारी मापें जुळेपर्यंत त्याचें समाधान होत नसे. कर्णा यंत्राजवळ न ठेवतां लांब तारेनें भिंतीपाशीं नेई, कारण आवाज चित्रांतून आला पाहिजे, पाठीमागून येतां कामा नये.

हें सर्व झालें, कीं तो एक गोष्ट करी. यंत्र चालू ठेवून तो उठे, पटांगणाच्या अगदीं टोकाच्या कोपऱ्यांत जाऊन खालीं बसे, आणि तेथून पाही. एकदां मीं त्याला कारण विचारलें. तो म्हणाला, "मास्तर समोर खुर्चीवर बसतात, त्यांना दिसणारच. इथं जो बसेल त्याला दिसलं पाहिजे."

पुढें चाळीस वर्षें मीं फळ्यावर लिहितांना प्रथम शेवटच्या बांकाच्या टोकावर जाऊन बसून अक्षर दिसतें कीं नाहीं हें पाहिलें, तें त्या अनोळखी माणसामुळें.

आतां आमच्या बैठकीकडे वळतों. सुपाची थट्टा झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं दोरी, मोजपट्टी व ओळंबा घेऊन कामास आरंभ केला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यांत बटण आहे. दाबलं कीं सूप सरळ होतं." त्यांचें म्हणणें खरें होतें. नव्या यंत्रांत तशी सोय असते. परंतु यंत्र तें करतें तें चित्राच्या फुगलेल्या बाजूचे ठिपके आंत दाबून. चौकट सरळ होते, पण चित्राचा कांहीं भाग व कांहीं उजेड वायां जातो. लंगडणाऱ्याला काठी द्यावी. पण जो सरळ उभा राहूं शकतो त्याला आधीं सरळ उभें करावें.

प्रथम मी आईच्या जागेवर जाऊन बसलों. खांबाला टेकल्याशिवाय तिला तासभर बसवत नाहीं, म्हणून ती जागा हालण्यासारखी नव्हती. तेथून ती पांढरी भिंत इतकी तिरपी दिसत होती कीं, चित्रांतील माणसें काड्यांसारखीं दिसावीं. तेव्हां भिंतच बदलली. खांबासमोरच्या भिंतीवरचें कपाट व तसबिरी काढून तिला पांढरा, चमक नसलेला रंग दिला.

मग अंतराचें गणित. आमच्या यंत्राचें प्रमाण असें कीं, दीड फूट अंतरावरून एक फूट रुंदीचें चित्र पडतें. प्रत्येक यंत्राचें हें प्रमाण निराळें असतें, व तें त्याबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. आमचें घर जुनें, सागवानी तुळयांचें. नव्या भिंतीपासून पांच फुटांवरच्या तुळईला पंखा आहे. पंख्याचा हादरा लागेल म्हणून ती सोडली. दुसरी तुळई साडेनऊ फुटांवर. तेथून सुमारें सहा फूट चार इंच रुंदीचें आणि साडेतीन फूट उंचीचें चित्र मिळतें. चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर धरली, म्हणजे खालीं बसणाऱ्याची मान अवघडत नाहीं आणि पुढच्याचें डोकें मागच्याच्या आड येत नाहीं.

हीं यंत्रें बहुधा अशीं केलेलीं असतात कीं, टेबलावर ठेवलीं असतां चित्र भिंगाच्या रेषेहून वर पडतें. म्हणून छताला लावतांना तीं उलटीं टांगतात, म्हणजे चित्र खालीं उतरतें. आणि यंत्रांतील सोयीनें तें पुन्हां सुलटें करून घेतात. पटवर्धनांच्या काळीं काच उलटी घालावी लागे, आज यंत्रच उलटें टांगावें लागतें! आम्हीं तुळईपासून दोन फूट लांबीची लोखंडी नळी खालीं घेऊन भिंग चित्राच्या वरच्या कडेहून किंचित् वर, जमिनीपासून सात फुटांवर आणलें. नुसत्या स्क्रूवर विश्वास न ठेवतां तुळईंतून आरपार बोल्ट घातला, आणि जोडीला एक तारेचा फांस ठेवला, कारण खालीं मुलें बसतात. यंत्राच्या वजनाच्या चौपट-पांचपट भार पेलील असाच आधार असावा. गरम हवा बाहेर पडण्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवल्या. आणि मुलांना ताकीद दिली कीं, दिव्याच्या तोंडांत कधींहि पाहावयाचें नाहीं.

संध्याकाळीं दिवा लागला. नातवानें काठी घेऊन चारी कडा मोजल्या. जुळल्या. कोणता चित्रपट लावावा असें विचारतां आई म्हणाली, "तुकाराम लाव." प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट, तरुणपणीं तिनें तो तंबूंत पाहिला होता, अर्थात् पलीकडून. आई खांबाला टेकून बसली होती. दिवा तिच्या पुढें, डोक्यावर होता, आणि चित्र नीट समोर होतें. थिएटरांत ज्या जागेला सर्वांत अधिक दाम पडतात, ती ही जागा.

पडद्यावर नांव आलें. आईनें चष्मा सांवरला आणि पोथी वाचतात तसें एकेक अक्षर लावून तें मोठ्यानें वाचलें. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तेव्हां हें उलटं होतं रे."

आपल्याहि घरीं असें यंत्र आलें असेल, अथवा येईल. भिंत, अंतर, उंची हें सारें मोजाच. पण मोजपट्टी हातीं घेण्यापूर्वीं घरांत कोण कोठें बसतें तें पाहावें, आणि ज्याला जागा सोडतां येत नाहीं त्याच्या जागेवर क्षणभर बसून भिंतीकडे पाहावें.